बेसवर ऑगमेंटेड मेजर स्केल: पाचवा स्वर दर वेळी पुन्हा का घसरतो

तक्रार साधारण अशी असते. स्केल समजलंय, स्वर तोंडपाठ आहेत, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून सावकाश वाजवलं की बरोबर येतं. दोन दिवसांनी बेस गिटार पुन्हा हातात घेतला की सी, डी, ई, एफ आणि पुढे जी. जी शार्प (जी पेक्षा अर्धा स्वर वर) हवा होता, वाजला साधा जी. हात आपल्या जुन्या वाटेने मेजर स्केलमध्ये निघून गेला. पुन्हा दुरुस्त करायचं, पुन्हा वीस वेळा घोकायचं, आणि पुढच्या आठवड्यात तोच स्वर त्याच जागी पुन्हा चुकतो.

दुसरी तक्रार हिच्याच पाठोपाठ येते. जी शार्प लागतो, पण तो लागल्यावर सगळं स्केल ए मायनरसारखं ऐकू येतं. सी वर येऊन थांबलं तरी घरी आल्यासारखं वाटत नाही.

मी स्वतः बरेच महिने याला पाठांतराची कच समजत होतो. जास्त घोकलं की बसेल असं वाटायचं. ते खरं नव्हतं. चूक पहिल्याच स्वराला, म्हणजे रूटवर ठेवलेल्या बोटात होती, आणि ती दिसायची पाचव्या स्वरावर. हे लक्षात आल्यावर जे काही महिने हलत नव्हतं ते थोड्याच दिवसांत हललं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी खात्री करा की स्केल तेच आहे

हे पटकन उरकू, पण टाळू नका. ‘ऑगमेंटेड मेजर’ या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी फिरतात. दोन ठिकाणचे दोन धडे एकत्र करून शिकणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो.

आपण इथे जे बोलतोय ते आयोनियन ऑगमेंटेड: सी, डी, ई, एफ, जी शार्प, ए, बी. म्हणजे मेजर स्केल, फक्त पाचवा स्वर अर्ध्या स्वराने वर. फ्रेटच्या (बेसच्या मानेवरच्या, म्हणजे लांब दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या; एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर) हिशेबात अंतरं २, २, १, ३, १, २, १. हे ए हार्मोनिक मायनरचं तिसरं रूप आहे. तेच सात स्वर, सुरुवात मात्र सी पासून.

दुसरं लिडियन ऑगमेंटेड. त्यात चौथा स्वरही वर चढतो, एफ च्या जागी एफ शार्प येतो. हे ए मेलडिक मायनरचं तिसरं रूप.

तिसऱ्याला नुसतं ‘ऑगमेंटेड स्केल’ म्हणतात आणि त्यात सहाच स्वर असतात: सी, डी शार्प, ई, जी, जी शार्प, बी. यात साधा जी आहे! ज्याने हे स्केल अर्धवट पाहिलंय त्याच्या डोक्यात जी आणि जी शार्प दोन्ही चालतात अशी नोंद होऊन बसते. तुमच्या कागदावर सहा स्वर लिहिलेले असतील तर तो कागद सध्या बाजूला ठेवा.

चौकटीत तो स्वर नाहीच

आता मूळ कारणाकडे येऊ. चार तारांच्या बेसवर, नेहमीच्या ई–ए–डी–जी ट्यूनिंगमध्ये, सी मेजर आपण सगळेच कसं शिकलो? ए तारेवर ३ ऱ्या फ्रेटला मधलं बोट, ५ व्याला करंगळी. मग डी तारेवर २, ३, ५. मग जी तारेवर २, ४, ५. तर्जनी २ ऱ्या फ्रेटवर, करंगळी ५ व्यावर, एका बोटाला एक फ्रेट. हात जागचा हलत नाही. ही चौकट इतकी सोयीची आहे की काही वर्षांनी ती विचार न करता वाजते.

या चौकटीत जी शार्प शोधून बघा. डी तारेवर तो ६ व्या फ्रेटला आहे आणि जी तारेवर १ ल्या. एक जागा चौकटीच्या एक फ्रेट पुढे, दुसरी एक फ्रेट मागे. २ ते ५ मध्ये, डी आणि जी या दोन्ही तारांवर, तो कुठेच नाही. एफ वाजवून झाल्यावर करंगळी डी तारेच्या ५ व्या फ्रेटवर आधीच येऊन उभी असते आणि तिथे साधा जी आहे. हाताला जिथे बोट तयार आहे तोच स्वर तो वाजवणार. म्हणजे तुमचा हात विसरत नाहीये. त्याला जे शिकवलं तेच तो अगदी इमानदारीने करतोय.

म्हणूनच ‘मेजर स्केल वाजव, फक्त पाचवा वर घे’ ही सूचना कागदावर बरोबर असली तरी हातासाठी वाईट आहे. तुम्ही चौकट तीच ठेवता आणि चौकटीबाहेरचा स्वर मागता. लक्ष आहे तोवर करंगळी ताणून ६ व्या फ्रेटला जाते. लक्ष हटलं की परत ५ व्यावर.

करंगळी ताणण्याची किंमतही बघा. ३४ इंची स्केल लेंग्थच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या) बेसवर २ ऱ्या आणि ५ व्या फ्रेटमधलं अंतर सुमारे १२.२ सेंटिमीटर भरतं. २ ते ६ केलंत की ते जवळजवळ १६ सेंटिमीटर होतं. एवढं ताणून स्केल वाजवलं की मनगट वाकडं होतं, अंगठा मानेवर आवळला जातो आणि पुढचे तीन स्वर उशिरा येतात. काही जणांच्या हाताला हे सहज जमतं. बहुतेकांच्या हाताला जमत नाही, आणि दुखत असताना रेटू नये. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर त्या दिवशी थांबा.

तिरकी रेघ

उपाय सापडला तो स्केल सोडून कॉर्डकडे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांकडे, बघितल्यावर. या स्केलच्या पोटात ऑगमेंटेड ट्रायड (तीन स्वरांचा कॉर्ड) आहे: सी, ई, जी शार्प. सी पासून ई चार फ्रेट, ई पासून जी शार्प चार फ्रेट, जी शार्प पासून वरचा सी पुन्हा चार. तिन्ही उड्या सारख्या.

आता बेसच्या शेजारच्या दोन तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर असतं. त्यामुळे चार फ्रेट वर जायचं म्हणजे एक तार पुढे आणि एक फ्रेट मागे. दोनदा केलं की दोन तारा पुढे, दोन फ्रेट मागे. म्हणजे बेसवर ऑगमेंटेड ट्रायड एका सरळ तिरक्या रेघेत पडतो. ई तारेचा ८ वा फ्रेट सी, ए तारेचा ७ वा ई, डी तारेचा ६ वा जी शार्प. आणखी एक पाऊल टाकलंत तर जी तारेचा ५ वा पुन्हा सी. नुसती ही रेघ काही वेळा वाजवा. अनामिका ८ वर, मधलं बोट ७ वर, तर्जनी ६ वर. हात मोकळा सोडला की बोटं आपसूकच अशी तिरकी पडतात, कुठेही ताण नाही.

ही रेघ चार फ्रेट वर किंवा खाली सरकवली की तेच तीन स्वर वेगळ्या क्रमाने मिळतात. त्यामुळे ऑगमेंटेड ट्रायड एकूण चारच आहेत, बारा नाहीत. हे एकदा समजलं की मानेवर कुठेही असलात तरी जवळची रेघ दिसायला लागते.

लक्षात घ्या, रूटवर आता अनामिका आहे. मधलं बोट नाही. सगळा उपाय एवढ्यात आहे.

रूटवर अनामिका ठेवून पूर्ण स्केल

शिकायला ई तारेवरचा ८ वा फ्रेट घ्या, खालची पोझिशन नको. हाताची चौकट ६ ते ९: तर्जनी ६, मधलं ७, अनामिका ८, करंगळी ९.

सी: ई तार ८, अनामिका.
डी: ई तार १०, करंगळी. हा एक फ्रेट बाहेर आहे. अंगठा जागीच ठेवून हात थोडा पुढे झुकवा, तर्जनी हवेत मोकळी राहू दे.
ई: ए तार ७, मधलं बोट. इथे हात परत आपल्या जागी आला.
एफ: ए तार ८, अनामिका.
जी शार्प: डी तार ६, तर्जनी.
ए: डी तार ७, मधलं बोट.
बी: डी तार ९, करंगळी.
सी: डी तार १०, करंगळी सरकवून.

काय बदललं? चौकटीबाहेर आता जी शार्प नाही, डी आहे (आणि शेवटचा वरचा सी). डी शी मेजर स्केलचं काही भांडण नाही, तो दोन्हीकडे सारखाच आहे. तो घेताना हात हलला तरी चुकीचा स्वर वाजण्याची भीती नाही. आणि जी शार्प, जो आतापर्यंत चौकटीबाहेर होता, तो आता तर्जनीखाली येऊन बसलाय. साधा जी कुठे गेला? ए तारेवर तो १० वा आणि डी तारेवर ५ वा, दोन्ही चौकटीच्या बाहेर. जुनी चूक करायची तर आता मुद्दाम हात हलवावा लागेल.

दुसरा फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता. हाताची सवय बऱ्याचदा पहिल्या स्पर्शावरून जागी होते. रूटवर मधलं बोट ठेवलं की हाताला मेजरची चौकट आठवते आणि तो सुटतो. अनामिका ठेवली की ती आठवण मुळात जागीच होत नाही. म्हणून दोन आठवडे तरी एक पथ्य पाळा: हे स्केल मधल्या बोटाने सुरू करायचं नाही. एकदाही नाही, ‘बघू आता जमतंय का’ म्हणूनसुद्धा नाही.

बोटं लहान असतील आणि करंगळी १० व्या फ्रेटला नीट पोचत नसेल तर डी हा स्वर ए तारेच्या ५ व्या फ्रेटवर तर्जनीने घ्या. मग ए तारेवर ५, ७, ८ असा क्रम होतो. तर्जनी मागे नेणं बऱ्याच हातांना करंगळी पुढे नेण्यापेक्षा सोपं जातं. मला पहिला मार्ग आवडतो, कारण त्यात रेघ डोळ्यांसमोर राहते, पण दोन्ही बरोबरच आहेत.

८ वा फ्रेट निवडायचं कारणही अंतराचंच. ६ ते ९ हे साधारण ९.७ सेंटिमीटर आहे. हाच आकार खाली, ए तारेच्या ३ ऱ्या फ्रेटवरच्या सी पासून वाजवला तर चौकट १ ते ४ होते आणि ती सुमारे १३ सेंटिमीटर भरते. आकार एकच, मेहनत फार वेगळी. वर पक्का करा, मग हळूहळू खाली आणा. खाली आल्यावर डी साठी ए तारेचा ५ वा फ्रेट गाठण्याऐवजी मोकळी डी तार वापरता येते. मात्र तो आकार सी पुरताच चालतो, दुसऱ्या रूटवर हलवता येत नाही.

वर जाताना जमतं, उतरताना फसतं

याचं कारण तालात आहे. चार मात्रांच्या ठेक्यात एका मात्रेत दोन स्वर घेतले तर चढताना सी–डी, ई–एफ, आणि तिसऱ्या मात्रेवर नेमका जी शार्प येतो. जोरकस जागेवर आलेला स्वर कानाला आणि हाताला दोघांनाही आधार देतो. उतरताना सी–बी, ए–जी शार्प, मग एफ. आता जी शार्प दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात पडतो आणि तिसऱ्या मात्रेवर एफ असतो. शिवाय तर्जनी डी तारेच्या ६ वर असताना अनामिकेला ए तारेच्या ८ वर उतरायचं असतं. तार बदलते, तीन फ्रेटची उडी असते, आणि हे सगळं कमजोर मात्रेवरून.

उतरताना पूर्ण स्केल घोकू नका. फक्त तीन स्वर घ्या: ए, जी शार्प, एफ. मधलं, तर्जनी, अनामिका. जी शार्प मुद्दाम मात्रेवर आणा, म्हणजे ए आधीच्या अर्ध्या मात्रेवर सुरू करा. मेट्रोनोम ५० वर. जी शार्प वाजत असतानाच अनामिका ए तारेच्या ८ वर अलगद टेकवून ठेवा, दाबू नका. मग दाबायचा क्षण आला की शोधाशोध नसते. हे तीन स्वर गुळगुळीत झाले की ई जोडा, मग डी. अशा जोडणीला दिवसातून दहा मिनिटं पुरतात. तासभर पूर्ण स्केल पळवण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

टेकवलेल्या अनामिकेचा आणखी एक उपयोग आहे. तार बदलताना मागची तार गुणगुणत राहते ती त्याने बंद होते. या स्केलमध्ये एफ आणि जी शार्प एकमेकांत मिसळले की आवाज फार गढूळ होतो, आणि मग वाजवणाऱ्याला वाटतं की स्वर चुकला. स्वर बरोबर असतो, आधीची तार बंद झालेली नसते.

स्वर बरोबर, पण कान ए मायनरकडे ओढतो

हा भाग मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इथे हात पूर्ण बरोबर असूनही माणूस निराश होतो.

ओढ खरी आहे, कल्पना नाही. या सात स्वरांत ई, जी शार्प, बी, डी हे चारही आहेत. हा ई सेव्हन कॉर्ड, जो ए मायनरला घरी नेतो. जी शार्प ते ए हे अर्ध्या स्वराचं पाऊल कानाला स्पष्ट सांगतं की ‘पोचलो’. तुम्ही रूट सी ठरवलाय ही गोष्ट फक्त तुमच्या डोक्यात आहे. ऐकू येणाऱ्या आवाजात ती आणावी लागते.

सरगमच्या भाषेत मांडलं तर अडचण आणखी उघड होते. सी हा सा धरला तर स्केल होतं: सा, शुद्ध रे, शुद्ध ग, शुद्ध म, कोमल ध, शुद्ध ध, शुद्ध नी. पंचम नाही आणि दोन्ही धैवत आहेत. आपल्याकडे पंचम अचल मानलेला, तो तीव्र होत नाही. त्यामुळे सरगमवर वाढलेला कान जी शार्पला वाढलेला पंचम म्हणून ऐकतच नाही, कोमल धैवत म्हणून ऐकतो. आणि कोमल धैवत ऐकला की खाली पंचम असणारच असं तो गृहीत धरतो. हात चुकून जी वर जातो त्यामागे काही वेळा हे गृहीतकही असतं.

आता यातली एक नेमकी चूक, जी मी बऱ्याच दिवसांनी पकडली. कान पक्का व्हावा म्हणून मी फोनवर तानपुरा लावून सराव करत होतो. तानपुऱ्याची पहिली तार पंचमात होती, जशी ती नेहमी असते. म्हणजे ज्या स्वराला मी हाकलू पाहत होतो तोच स्वर पार्श्वभूमीवर अखंड वाजत होता. जी शार्प लावला की तो जी वर घासायचा, बेसूर वाटायचा, आणि हात नकळत जी कडे सरकायचा.

ललितसारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागांत तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात मिळवतात. आपल्याला इथे मध्यम फारसा उपयोगाचा नाही, कारण सा आणि खालचा मध्यम एकत्र वाजले की कान मध्यमालाच, म्हणजे एफ ला, घर मानायला लागतो. पहिली तार निषादात मिळवा. नी आणि सा दोन्ही स्केलमधले आहेत, आणि नी सतत सा कडे बोट दाखवत राहतो. तसं करता येत नसेल तर नुसता सा वाजत ठेवा. पंचम मात्र बंद.

तानपुरा नको असेल तर बेसचीच मोकळी तार वापरा. रूट ए करा. मोकळी ए तार वाजत ठेवून जी तारेवर एकाच तारेने वर जा: २, ४, ६, ७, १०, ११, १३, १४. इथे ७ ते १० ही तीन फ्रेटची उडी डोळ्यांना दिसते आणि हाताला कळते. प्रत्येक स्वरानंतर ए तार पुन्हा छेडा. १० व्या फ्रेटवर जास्त वेळ थांबा आणि तो स्वर गळ्यातून काढा. गळ्यातून येत नाही तोवर तो तुमचा झालेला नाही असं मी मानतो.

आणि पहिले काही दिवस कुठलाही तुकडा सहाव्या स्वरावर संपवू नका. सी मध्ये असाल तर ए वर थांबायचं नाही. बी वरून सी वर या. जी शार्प नंतर ए आलाच तर तिथून निघून बी, सी पर्यंत जा. घर कुठे आहे ते कानाला वारंवार दाखवल्याशिवाय तो ऐकणार नाही.

जागा बरोबर, तरी स्वर आंबट

इथे दोन वेगळी कारणं असतात आणि ती वेगळी ओळखावी लागतात.

पहिलं हाताचं. ताणलेलं बोट तार नुसती दाबत नाही, बाजूलाही ओढते, आणि तार ओढली की स्वर चढतो. बोट फ्रेटपासून मागे राहिलं तर तार खरखरते, मग आपण आणखी जोरात दाबतो, आणि स्वर आणखी चढतो. अनामिकेच्या मांडणीत हे बहुतेक आपोआप मिटतं. तरीही शंका असेल तर १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर त्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाकडच्या टेकूपासून) दूर न्यावं लागतं. उतरा असेल तर पुढे. तारा फार जुन्या असतील तर आधी त्या बदला, मगच सॅडलला हात लावा.

दुसरं कारण वाद्याच्या रचनेतलं आहे आणि ते दुरुस्त होत नाही. फ्रेटवरचा जी शार्प सी पासून बरोबर ८०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). कानाला शांत वाटणारा शुद्ध कोमल धैवत साधारण ८१४ सेंटवर. आणि दोन शुद्ध मेजर थर्ड (सा ते शुद्ध ग एवढी अंतरं) एकावर एक ठेवून मिळणारा वाढलेला पंचम साधारण ७७३ सेंटवर. फ्रेटचा स्वर या दोघांच्या मध्ये आहे. तानपुऱ्यासोबत वाजवताना तो थोडा अधांतरी वाटतो तो यामुळे. हे ऐकू येत असेल तर तुमचा कान चांगला आहे. वाद्य बिघडलंय असं समजून सॅडल फिरवत बसू नका.

एकट्याने जमतं, सोबत वाजवताना फसतं

इथे पहिला प्रश्न असा विचारा: समोरचा कुठला कॉर्ड वाजवतोय? गिटार किंवा कीबोर्ड साधा सी मेजर वाजवत असेल तर त्यात जी आहे. त्यावर तुमचा जी शार्प टिकवून धरलात तर घासणारच. हे स्केल तिथलं नाही. त्याची जागा सी मेजर सेव्हन शार्प फाइव्हवर, म्हणजे सी, ई, जी शार्प, बी. हा कॉर्ड ओळखायची सोपी खूण: बेसला सी आणि वर ई मेजर. कीबोर्डवाल्याला ‘मी सी धरतो, तू ई मेजर धर’ एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि सरावासाठी याहून चांगली सोबत नाही.

सी मेजर, मग सी ऑगमेंटेड, मग एफ किंवा ए मायनर, हा प्रवास बऱ्याच गाण्यांत भेटतो. त्यात जी, जी शार्प, ए अशी एक रेघ आतून वर चढते. ती रेघ बहुतेक वेळा वरच्या वाद्याकडे असते. बेसने ऑगमेंटेडच्या मात्रांवर सी धरला, तिरक्या रेघेतले दोन स्वर घेतले आणि पुढच्या रूटवर उतरला, की झालं. पूर्ण स्केल तिथे ओतण्याची गरज नसते.

आणि बेसवाल्याने विशेष सांभाळायची गोष्ट: खालच्या पट्टीत जी शार्प लांब धरला की कॉर्डचं नावच बदलतं. वर ई मेजर वाजतोय आणि खाली तुम्ही जी शार्पवर बसलात, तर ऐकणाऱ्याला ई मेजर उलटा केलेला ऐकू येतो. सी चा पत्ता राहत नाही. म्हणून जोरकस मात्रेवर सी, आणि जी शार्प पुढच्या ए किंवा बी कडे जाताना. डी तारेच्या ६ व्या फ्रेटच्या खाली तो लांब धरायची वेळ आली तर एकदा थांबून ऐका, वरच्या वाद्याला तो कॉर्ड तसा हवा आहे का. हवा असेल तर बिनधास्त धरा.